शालूबाईनं कणीस बंद केलं

लोणावळ्याच्या पुढं, घाटाच्या कड्यावर पर्यटकांचा एक पॉइंट आहे. कठड्याला लागून तिथं आठ-दहा गाडे उभे असतात. कुठं चहा, कुठं मॅगी, कुठं कांदाभजी. त्यातल्या एका गाड्यावर शालूबाई केदारी कणसं भाजायची. वलवणहून सकाळच्या जीपनं पोतं घेऊन यायची, शेगडी पेटवायची आणि ऊन कलेपर्यंत पंखा हलवत बसायची. चौपन्न वर्षांची बाई, अंगानं किरकोळ, पण आवाज असा की दरीपलीकडच्याला हाक ऐकू जावी. सोळा वर्षं तिचा हाच धंदा. नवरा रखमाजी एका बंगल्यावर माळी होता. गुडघे गेले तसा घरी बसला, पण बसल्या जागी कणसं निवडून, वरची पानं सोलून पोतं भरून द्यायचं काम त्यानं कधी चुकवलं नाही.

शालूबाईला गिऱ्हाइकाशी बोलायची हौस होती. कुठून आलात, पोरं कितवीत, घाटात गाडी लागली का, सगळी चौकशी करायची. आणि चौकशीच्या आधी एक सूचना ठरलेली असायची, "ताई, चष्मा पिशवीत घाला. दादा, मोबाईल असा हातात नका धरू, माकडं हायेत हितं."

चार वर्षांपूर्वी एका रविवारी असंच सांगूनही एका माणसाचा काळा चष्मा गेला. डाव्या कानाचा तुकडा पडलेली एक माकडीण वरून आली, डोक्यावरचा चष्मा उचलला आणि कठड्यापलीकडच्या खडकावर जाऊन बसली. माणूस ओरडला, टाळ्या वाजवल्या, दगड उचलला. माकडीण चष्म्याची काडी चावत बसली. तिच्या पोटाला पिल्लू चिकटलेलं होतं. शालूबाईला माणसाचीही दया आली आणि माकडिणीचीही. तिनं गिऱ्हाइकानं अर्धवट टाकलेलं कणीस उचललं आणि खडकावर फेकलं. माकडिणीनं चष्मा सोडला, कणीस धरलं. चष्मा खडकावरच राहिला, माणसाला काठीनं ओढून घेता आला. त्याला इतका आनंद झाला की त्यानं शालूबाईच्या हातात पन्नासाची नोट ठेवली आणि म्हणाला, "मावशी, तुमचं तर ही ऐकते!"

बस, एवढंच घडलं. कुणी कुणाला काही शिकवायला बसलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी तीच माकडीण परत आली. या वेळी टोपी उचलली आणि पळून न जाता खडकावर बसून सरळ शालूबाईकडं बघायला लागली. शालूबाईनं कणीस टाकलं, टोपी मिळाली. लोक हसले, फोटो काढले. शालूबाईनं तिचं नाव कानतुटी ठेवलं. महिन्याभरात कानतुटी पक्की तयार झाली. टोपीला कुणी धावत नाही, कागदाच्या पुड्याला तर नाहीच, पण चष्मा घेतला की माणूस घाबरतो आणि मोबाईल घेतला की रडकुंडीला येतो, हे तिनं पारखून घेतलं. मग टोप्यांकडं ती बघेनाशी झाली. आधी अर्ध्या कणसावर मोबाईल सोडायची. एकदा गर्दीत शालूबाईला उशीर झाला आणि घाबरलेल्या गिऱ्हाइकानं आख्खं कणीस फेकलं. तेव्हापासून अर्ध्याला तिनं हात लावला नाही. गावातल्या माणसांच्या वाटेला मात्र ती जात नसे. त्यांच्याकडून कणीस सुटत नाही, काठी सुटते, हे तिला ठाऊक होतं. नव्या माणसाला ती चालण्यावरूनच ओळखायची. तिचं बघून टोळीतली आणखी पाच-सहा शिकली.

पर्यटक धावत शालूबाईकडं यायचे. "मावशी, लवकर द्या एक!" भावाची घासाघीस नाही, लिंबू जास्त लावा म्हणणं नाही. भाजलेलंसुद्धा लागायचं नाही. शालूबाई दोन-तीन कच्ची कणसं हाताशी काढून ठेवायला लागली. पुढं गाडा चार पावलं कठड्याकडं सरकला. तिकडं वारा चांगला लागतो, असं ती म्हणायची. आणि तिलाही कळलं नाही अशा बेतानं, चष्मा पिशवीत घाला हे सांगणं हळूहळू तिच्या बोलण्यातून गळून गेलं.

दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरातली गोष्ट. पाऊस उघडला होता, दरी लख्ख दिसत होती, शनिवारची गर्दी होती. सात-आठ वर्षांची एक मुलगी आईचा हात सोडून कठड्याशी आली. केस दोन्ही बाजूंनी वर बांधलेले, आणि उजव्या कानामागं निळ्या रंगाचं काहीतरी चमकत होतं. शालूबाईनं ते पाहिलं. कानतुटीनंही पाहिलं.

माकडीण मुलीच्या खांद्यावर पडली तेव्हा मुलगी ओरडली, पण तो आवाज वेगळाच होता. मान झटकली, ओरबाडा बसला, आणि ते निळं यंत्र घेऊन कानतुटी खडकावर. मुलीच्या कानामागून रक्ताचा ओघळ खाली आला. आई धावत आली. "तिचं कानाचं मशीन आहे हो ते! मशीन आहे!" शालूबाईनं नेहमीच्या हातानं कणीस फेकलं. पण आता खडकावर एकटी कानतुटी नव्हती. दोन दांडगी माकडं मधे पडली, कणसावर झटापट झाली आणि त्या झटापटीत ते यंत्र खडकावरून घरंगळून दरीत गेलं. पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

आई मुलीशी बोलत होती आणि मुलगी आईच्या ओठांकडं नुसती बघत होती. कुणीतरी गाडी काढली. त्या गडबडीतही त्या बाईनं पर्समधून नोट काढून गाड्यावर ठेवली. शालूबाईनं फेकलेल्या कणसाचे पैसे म्हणून. मग शालूबाईकडं वळून विचारलं, "ही माकडं तुमच्याकडंच बघत होती. का?"

गाडी निघून गेली. नोट शेगडीच्या राखेशेजारी पडून होती आणि खडकावर बसून दोन माकडं कणसाचे दाणे काढून खात होती.

त्या दिवशी तिनं अर्धं पोतं तसंच परत नेलं. रखमाजीनं पोत्याला हात लावून पाहिला, तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि चहा टाकला. चहा घेताना तिनंच सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाली, "अवं, मी पैल्यांदा समद्यांना सांगायची न्हाई का, चष्मा ठिवा, मोबाईल ठिवा म्हणून?"

"व्हय. लय वेळा ऐकलंय मी."

"मग ते कवा बंद झालं?"

रखमाजीनं डोकं खाजवलं. "ते मला कसं ठावं? तूच बंद केलं आसंल."

"मी न्हाई केलं वो. आपसूक झालं." तिनं कप खाली ठेवला. "त्या पोरीच्या कानावर ते निळं दिसलंतं मला. आधी दिसलंतं. तोंडाशी आलं न्हाई. सांगून काय मिळणारे, आसं आत कुटंतरी बसलं आसंल."

दोन दिवस ती पॉइंटवर गेली नाही. तिसऱ्या दिवशी गेली, पण गाडा न लावता थेट अल्लाउद्दीनभाऊंकडं. पॉइंटच्या मागच्या पठारावर अल्लाउद्दीनभाऊ चाळीस वर्षं पर्यटकांना घोड्यावरून रपेट मारून आणत. रखमाजीच्या जुन्या ओळखीतले, म्हणून शालूबाईला ते वहिनी म्हणत. चांदणी नावाची त्यांची पांढरी घोडी तोबऱ्यात तोंड घालून उभी होती.

"भाऊ, तुमी जनावरातलं माणूस. त्या माकडिणीला सुधरायचं कसं ते सांगा. गलोलीनं हाणू का?"

अल्लाउद्दीनभाऊंनी बसायला पोतं पुढं केलं. "गलोल त्या चहावाल्या दत्तोबाकडं हाय की. काय झालं? दत्तोबाचं तोंड हिकडं हाय तवर माकडं शाणी. त्यानं पाठ फिरवली की झालं. ती दत्तोबाला घाबरायला शिकली वहिनी, चोरी सोडायला न्हाई शिकली."

"मग?"

"ही चांदणी मी घेतली ना, तवा त्या वडाच्या वळणावर जाऊन थांबायची. जाम. पाऊल टाकायची न्हाई. मी बी आधी चाबूक काढला. मग ती चाबूक दिसला की वळणाच्या आधीच थांबायला लागली." ते हसले. "मग मी एक दिवस बसून नुसतं बघितलं. ती थांबली की गिऱ्हाईक घाबरून उतरायचं, आणि मी तिला मागं फिरवून हितं आणायचो. पाठीवरचं ओझं गेलं, वर घरी बी आली. तिनं थांबावं न्हाई तर काय करावं? थांबायचा पगार मीच देत होतो."

"मग काय केलं तुमी?"

"मीच बसलो पाठीवर. थांबली तर थांबू दे. मारायचं न्हाई, उतरायचं बी न्हाई. एकदा पाऊण तास बसलोय. कंटाळून तिनं एक पाऊल पुढं टाकलं, त्याच घडीला मी खाली उतरलो आणि गूळ दिला. दुसऱ्या दिवशी दोन पावलांवर उतरलो. मग दहा. पंधरा दिवसांत वळण गेलं."

शालूबाई खालच्या गवताची काडी मोडत बसली. मग म्हणाली, "म्हंजी कणीस बंद करायचं."

"बंद करायचं. पण आधीच सांगून ठिवतो, बंद केलं की ती लगेच गप न्हाई बसणार. आधी लय वाढंल. आजवर हुकमी मिळालंय, आता का मिळंना म्हणून अंगावर येतील, नासधूस करतील. तवा जर का वैतागून एकदा दिलंत, तर मेलो आपण. एवढा दंगा केला की मिळतं, हे शिकतील. त्यापेक्षा बंदच करू नका."

त्याच दुपारी शालूबाईनं सगळ्या गाडेवाल्यांना गोळा केलं. चोरलेल्या वस्तूच्या बदल्यात कुणी काही टाकायचं नाही, गिऱ्हाइकालाही टाकू द्यायचं नाही, उष्टी कणसं झाकणाच्या पिंपात घालायची. बहुतेकांनी मान डोलवली. त्या मुलीचा ओरडण्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला होता. भजीवाली आक्काबाई मात्र फटकळ. ती म्हणाली, "शाले, माकडांवर सगळ्यात जास्त तूच कमावलंस. आता आमाला शिकवतीस व्हय?"

"व्हय, मीच कमावलं," शालूबाई म्हणाली. "म्हणून तर मला ठावं हाय."

चहावाला दत्तोबा हो म्हणाला, पण त्याच्या हो म्हणण्यात जीव नव्हता.

शालूबाईनं जुन्या साड्यांच्या नाडीच्या पिशव्या शिवल्या. कणीस हातात देण्याआधी गिऱ्हाइकाला पिशवी द्यायची, चष्मा-मोबाईल आत घालून गळ्यात अडकवायला लावायची आणि मगच कणीस. गाडा तिनं आधी होता तिथं मागं ओढून नेला. आणि दिवसभर जुनं वाक्य पुन्हा सुरू झालं. पहिले चार दिवस ते मुद्दाम आठवून म्हणावं लागायचं.

अल्लाउद्दीनभाऊ म्हणाले होते तसंच झालं, किंबहुना त्याहून वाईट. पहिल्या आठवड्यात कानतुटीनं एकाचा मोबाईल नेला आणि नेहमीच्या खडकावर बसून शालूबाईकडं बघत राहिली. शालूबाई पाठ करून बसली. गिऱ्हाईक तिच्यावर ओरडत होतं, "अहो, तुमच्यासमोर कणसांचा ढीग आहे, एक टाकायला काय जातंय?" तिनं हात जोडले, समजावून सांगितलं. वीस मिनिटांनी माकडिणीनं मोबाईल टाकला, तो खडकाच्या कपारीत सापडला, काच फुटलेली. माणूस तिला नाही नाही ते बोलून गेला. दुसऱ्या दिवशी कानतुटी गाड्यावरच उतरली. तिखट-मिठाचा डबा उलटा केला, ताडपत्री फाडली, शालूबाईच्या अंबाड्याला धरून लोंबकळली. शालूबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं, तिखटानं आणि अपमानानंही. कणीस तिच्या हातापासून वीतभर अंतरावर होतं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि शेगडीवर झाकण ठेवून नुसती उभी राहिली.

नवव्या दिवशी माशी शिंकली, आणि ती दत्तोबाच्या गाड्यावर. दोन वर्षांत माकडांनी कधी गाडेवाल्याच्या वस्तूला हात लावला नव्हता. आता काहीच मिळेना म्हणून ती काहीही करून बघत होती. दत्तोबानं चार्जिंगला लावलेला मोबाईल वायरीसकट गेला.

"दत्तोबा, देऊ नगंस!" शालूबाई ओरडली.

"तुझं काय जातंय ओरडायला? माझा नवा हाय!" दत्तोबानं शेजारून कणीस ओढलं आणि फेकलं. मोबाईल मिळाला. त्यानं तो खिशात घातला आणि शालूबाईकडं न बघता चहा गाळायला लागला.

नऊ दिवसांची मेहनत त्या एका कणसात गेली. दुसऱ्या दिवशी टोळी आली ती सरळ दत्तोबाकडं. साखरेचा डबा गेला. एक कणीस टाकलं तर डबा सुटला नाही, दुसरं टाकलं तरी नाही. तिसऱ्यावर डबा सुटला, साखर सगळी दरीत. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा मोबाईल. दत्तोबा कणीस घ्यायला शालूबाईकडं धावला, आणि तिनं दोन्ही हात पोत्यावर ठेवले.

"शालूबाई, दे ग, पाया पडतो."

"दत्तोबा, हितं बस. आज दिलंस तर ती रोज तुलाच धरनार. बस माझ्यापाशी. आपुन दोघं बसू."

दत्तोबा बसला. मोबाईल माकडिणीच्या हातात होता, ती तो उलटा-सुलटा करत होती, मधूनच त्यातून त्याच्या बायकोचा फोन वाजत होता. सगळे गाडेवाले आपापल्या कामाला लागल्यासारखं करून बघत होते. आक्काबाईनं भज्यांवर झाकण घातलं आणि येऊन दत्तोबाच्या दुसऱ्या बाजूला बसली. पाऊण तास गेला. कानतुटीनं मोबाईलचं कव्हर कुरतडलं, चार वेळा गाड्यांकडं बघितलं, दात दाखवले. मग तो खडकावर ठेवून, जणू तिचा त्याच्याशी कधी संबंधच नव्हता अशी, उतारानं झाडीत निघून गेली. मोबाईल चालू होता. दत्तोबानं बायकोला फोन लावला आणि पहिलंच वाक्य म्हणाला, "न्हाई दिलं कणीस!" बिचारीला काही उमगलं नाही.

त्या दिवसानंतर दत्तोबा सगळ्यात कडक झाला. गलोल त्यानं घरी नेऊन ठेवली, आणि कुणी पर्यटक काही फेकताना दिसला की चहा सोडून धावायचा.

दिवाळीच्या सुट्टीत गर्दी लोटली. दोन-तीनदा पर्यटकांनी न ऐकता बिस्किटं टाकलीच. जितक्या वेळा टाकली, तितके दिवस माकडं पुन्हा चिकाटीनं यायची, कधीतरी मिळतं या आशेवर. पण गळ्यात पिशव्या होत्या, हाताला मोबाईल लागत नव्हता, आणि गाड्यांवरून काहीच येत नव्हतं. नोव्हेंबर संपता संपता आठवड्यातून एखादी चोरी राहिली. जानेवारीत ती मोजावी लागेना. मधेच एका सोमवारी, सगळं शांत असताना, कानतुटी कुठून कोण जाणे उगवली, एका बाईचा चष्मा घेतला आणि जुन्या खडकावर बसली. कुणी हललं नाही. पाच मिनिटांत चष्मा सोडून ती गेली.

या सगळ्यात शालूबाईचा धंदा बसला, हेही खरं. घाईतली गिऱ्हाइकं गेली. पिशवी अडकवायला सांगितली की काही जण पुढच्या गाड्यावर जायचे. रखमाजी पोतं भरताना आता पाऊणच भरायचा, पण त्याबद्दल त्यानं कधी तोंडातून शब्द काढला नाही.

त्या मुलीचा ठावठिकाणा तिनं ज्या माणसानं गाडी काढली होती त्याच्याकडून मिळवला. फोन करायला सून प्रेरणाला जवळ बसवून घेतलं. पलीकडून आईचा आवाज आला तसं शालूबाई पाठ केलेलं सगळं विसरली.

"मी कणीसवाली. पॉइंटवरची. पोरगी कशीय?"

मग त्या बाई म्हणाल्या, "इंजेक्शनं पूर्ण झाली. जखम भरली. मशीन मिळायला दीड महिना लागला. तोवर शाळेत पहिल्या बाकावर बसवत होतो."

"ताई, चूक माझी हुती. मला ते दिसलंतं आन मी बोलले न्हाई. आन माकडाला कणीस द्यायची सवय बी मीच लावली. आता बंद केलंय. समद्यांनी केलंय. माफी मागाया फोन केला."

"माफ करते म्हणायला मला अजून जमत नाही," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "पण फोन केलात, बरं केलंत. तिनं मला विचारलं होतं, ते माकड आपल्यावर का रागावलं. आता मला तिला काहीतरी सांगता येईल."

फोन ठेवल्यावर प्रेरणानं सासूचा हात धरला. शालूबाई म्हणाली, "न्हाई म्हणाली ते बरं केलं. लगीच व्हय म्हणाली असती तर मला खरं वाटलं नसतं."

गेल्या हिवाळ्यात एक कुटुंब गाड्यापाशी आलं. दोन लहान मुलं आणि त्यांचा हिरमुसलेला बाप. "मावशी, इथली माकडं म्हणे मोबाईल घेऊन भुट्टा मागतात. व्हिडिओ बघून मुलांना दाखवायला आणलं आम्ही. कुठं गेली?"

शालूबाईनं कोळशावर कणीस फिरवलं आणि पंख्याच्या टोकानं खालच्या उताराकडं दाखवलं. "त्या उंबराखाली बघा. समदी तितंच हायेत."

माणसानं डोळ्यांवर हात धरून बघितलं. झाडावर दहा-बारा माकडं होती. काही उंबरं खात होती, एक म्हातारी माकडीण दुसरीच्या पाठीतल्या उवा काढत होती, पिल्लं फांदीला लोंबकळून एकमेकांना ढकलत होती.

"नुसतीच बसलीत की," तो म्हणाला.

"व्हय," शालूबाई म्हणाली. "पोरांनो, ह्या बाजूनं या, हितनं चांगली दिसतील. आन दादा, आधी तो मोबाईल पिशवीत घाला."

त्यानं कुरकुरत पिशवी गळ्यात घातली. मुलं कठड्याला हनुवटी टेकून पिल्लांकडं बघत राहिली आणि शालूबाईनं त्यांच्यासाठी दोन कोवळी कणसं निवडून शेगडीवर ठेवली.